पत्र्याच्या वर, पत्र्याच्या खाली

पत्र्यावर चालायचं तर खिळ्यांच्या रेघेवरून चालायचं. खिळे असतात तिथं खाली लोखंडी अँगल असतो, तो वजन पेलतो. मधे पाय पडला की पत्रा खळगा धरतो आणि मग पावसाळाभर तिथून थेंब गळत राहतो. अक्षदाला हे कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. अंबरनाथला बुवापाड्यातल्या त्या गल्लीत मुली शिडी चढायला लागल्या की आपोआप रेघेवर पाय टाकतात.

म्हणून राजस पहिल्यांदा तिच्या छपरावर चढून मधोमध उभा राहिला, तेव्हा ती शिडीवरूनच म्हणाली, "अरे, रेघेवर ये."

"कुठली रेघ?"

"खिळ्यांची."

राजसनं पायाखाली पाहिलं. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, बदलापूरला चौथ्या मजल्यावर राहणारा, वडील कारखान्यात अधिकारी. "ओह, सपोर्ट," तो म्हणाला आणि दोन्ही हात पसरून, दोरीवर चालल्यासारखा, रेघेवर आला.

"हां. तेच ते," अक्षदा म्हणाली.

अक्षदाचं घर म्हणजे एक खोली आणि खोलीवर जुना, काळा पडलेला पत्रा. त्या पत्र्याखाली पप्पा दिवसा झोपतात आणि त्याच पत्र्यावर आई पापड्या वाळवते. पप्पा, म्हणजे गल्लीचे रघुभाऊ, एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेस मशीनवर कायमच्या रातपाळीला आहेत. आई, कौसाबाई, महाशिवरात्रीची जत्रा उठली की साबुदाण्याच्या पापड्या आणि तांदळाच्या फेण्या घालायला बसते ती मे सरेपर्यंत. माल जातो उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या हरेशशेठच्या दुकानात. शेठ कधी स्कूटरवरून स्वतः माल न्यायला आले, तर गल्लीतच उभे राहतात. कौसाबाई आत बोलावते, ते रुमालानं मान पुसत म्हणतात, "नहीं अदी, अंदर भट्टी है, मैं बाहर ठीक." अदी म्हणजे सिंधीत मोठी बहीण. कौसाबाई वयानं शेठपेक्षा बरीच लहान आहे, पण मानाला कोण नाही म्हणतं.

मी अक्षदाला ओळखते तिच्या कॉलेजमुळे. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात मी नाटकाच्या तालमी घ्यायला जाते. त्या वर्षी नव्या अभ्यासक्रमात एक तास आला. त्याचं नाव इतकं लांब होतं की मुलांनी त्याला 'मिसळीचा तास' करून टाकलं. सगळ्या शाखांची मुलं एका वर्गात बसवायची, आसपासचा एक खरा प्रश्न त्यांनी निवडायचा आणि वर्ष संपेपर्यंत त्याच्याशी झटायचं. तास पद्मजा मॅडमकडे होता. त्या अर्थशास्त्र शिकवतात. मुलांना चारचौघांत बोलायला शिकवावं म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर होते.

मॅडम म्हणाल्या, "आपापला विषय सांगू नका. घरातलं एखादं काम सांगा, जे तुम्हाला नीट येतं."

वर्गात चुळबुळ झाली. विषय विचारला असता तर सगळ्यांनी पटापट सांगितला असता.

"मॅडम, मम्मीला गप्प करणं," सोनिया म्हणाली. ही मानसशास्त्राची, उल्हासनगरात सिंधी शेजाऱ्यांत वाढलेली, एका वाक्यात तीन भाषा बोलणारी मुलगी.

"आणि येतं ते?"

"कधी कधी."

राजसनं बराच विचार केला. "चहा."

"नीट?"

"ठीकठाक."

मग अक्षदाची पाळी आली. बी.कॉम.ची, दुसऱ्या रांगेतली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. "काही नाही, मॅडम."

"काहीच नाही?"

"म्हणजे घरचंच आहे सगळं. ते काय सांगायचं."

मॅडम पुढच्या मुलाकडे वळल्या.

गट पडले. राजस, सोनिया आणि अक्षदा एकत्र आली. प्रश्न सोनियानं निवडला. "गरमी घेऊ यार. सबको है." राजसचे डोळे चमकले. पत्र्याची घरं, आतलं तापमान, छताला ऊन परतवणारा पांढरा रंग, त्यानं किती फरक पडतो, हे सगळं तो कुठंतरी वाचून बसला होता. "फक्त एक घर पाहिजे. मोजायला."

"माझं आहे," अक्षदा म्हणाली. कुणी पेन मागितल्यावर द्यावं, तसं.

तिच्या डोक्यात पप्पा होते. उन्हाळ्यात रघुभाऊ ओला पंचा अंगावर टाकून दारात झोपतात. पंचा वाळला की जाग येते. पुन्हा भिजवायचा, पुन्हा आडवं व्हायचं, पुन्हा तेच. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्याच लाइनमधल्या एका माणसाला पहाटेच्या सुमाराला मशीनवर डुलकी लागली आणि हात प्रेसखाली गेला. तेव्हापासून कौसाबाई नवऱ्याला कामाला जाताना 'जपून जा' म्हणत नाही. "झोप झाली का," एवढंच विचारते आणि उत्तर देताना त्यांच्या तोंडाकडे बघते.

जत्रा नुकतीच संपली होती. कॉलेजनं रंग दिला, ब्रश सोनियानं आणले. पोरं सकाळपासून छपरावर. कौसाबाई कमरेवर हात ठेवून गल्लीत उभी राहून पाहत होती. तिनं एकच प्रश्न विचारला.

"वाळल्यावर ह्यो रंग हाताला लागत न्हाय न्हवं?"

"अजिबात नाही, काकू," राजस वरून म्हणाला.

"मग ठीक हाय."

रंग वाळला आणि त्या आठवड्यात एका दुपारी रघुभाऊ झोपले, ते चहाची वेळ टळली तरी उठेनात. कौसाबाईनं जवळ जाऊन त्यांच्या नाकाशी हात धरला. रघुभाऊंनी एक डोळा उघडला.

"काय गं?"

"काय न्हाय. झोपा."

हा प्रसंग सोनियानं वर्गात करून दाखवला, दोन्ही भूमिका स्वतःच करून. पोरं हसून आडवी झाली. राजसनं फळ्यावर खोलीतल्या तापमानाचा आलेख काढला, रेघ छान खाली उतरलेली. टाळ्या पडल्या. पद्मजा मॅडमनीही वाजवल्या, आणि म्हणाल्या, "छान. आता थोडं थांबा आणि बघत राहा." मॅडमचं हे नेहमीचंच, असं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

मग पापड्यांचा पहिला लॉट निघाला. पिशव्या घेऊन अक्षदा रिक्षानं शेठच्या दुकानात गेली. दुकानात मागच्या बाजूला एक छोटी कढई कायम असते. शेठ प्रत्येक लॉटमधली एक पापडी तळून बघतात, मगच पिशवी आत जाते. त्यांनी पापडी सोडली. ती तेलात गेली, कडेनं थोडे बुडबुडे आले आणि ती तशीच बसून राहिली.

"ये देख बेटा. फूलती नहीं."

"शेठ, आई दरवर्षीसारखंच करते."

"मैंने कब बोला नहीं करती? पण आतून ओली आहे." शेठ मराठी बोलायला लागले म्हणजे मामला गंभीर असतो. त्यांनी दुसरी सोडली. तीही बसली. "गिऱ्हाईक घरी जाऊन डबा उघडणार, आंबूस वास येणार. मग कोणाचं नाव? अदी को बोल, पुढचा लॉट मी स्वतः येऊन बघतो. फुलला तर आपलं चालू. नाही तर सीझन दुसऱ्या गल्लीला द्यावा लागेल. गुस्सा नहीं हाँ. धंदा है."

अक्षदा पिशव्या घेऊन परत आली. आई छपरावर होती, प्लास्टिकच्या कागदावर घातलेल्या पापड्यांची कड नखानं उचलून पाहत होती. अक्षदा शिडी चढली, रेघेवरून तिच्याजवळ गेली, खाली वाकली आणि कागदाच्या बाजूला तळहात टेकवला.

तिनं मला हे सांगितलं, तेव्हा तळहात समोर धरून सांगितलं. दुपारची वेळ, मार्चचं ऊन, आणि हात पत्र्यावर आरामात टेकलेला. जन्मापासून त्या पत्र्यावर दुपारी हात टेकता आला नव्हता.

"आई, पत्रा थंड आहे."

"मग? त्यासाठीच तर रंगवलाय न्हवं."

"म्हणून वाळत नाहीयेत."

"व्हय. मला बी दोन दिस झालं तसंच वाटतंय."

"मग तू बोलली का नाहीस? रंगवत होतो तेव्हा?"

"इचारलं की मी. हाताला लागतो का म्हणून. पापडीला लागू नये."

"ते नाही गं. वाळायच्या नाहीत म्हणून."

कौसाबाईनं हातातली पापडी खाली ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच आश्चर्य वाटत होतं. "मला काय ठावं? तुमी कॉलेजची माणसं. यवढी मोजमापं चालली म्हटल्यावर मला वाटलं, पापड्या बी धरल्या असतील." आणि पुढच्या पापडीची कड उचलत, "तू हाईस की त्यात."

पुढच्या मिसळीच्या तासाला अक्षदा आपणहून उभी राहिली. माझ्या तालमीत जिचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे, ती मुलगी. तिनं सगळं सांगितलं, शेठच्या कढईपासून आईच्या शेवटच्या वाक्यापर्यंत.

राजस कासावीस झाला. "पण तापमान उतरलंय. प्रयोग चुकलेला नाही."

"प्रयोग नाही चुकला. मी चुकले. तू पापड्या बघितल्याच नव्हत्यास. मी त्या पत्र्यावर घालत मोठी झाले."

"मग लक्षात कसं आलं नाही?" हे सोनियानं विचारलं, आणि चिडवायला नव्हे. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

अक्षदानं खिडकीकडे पाहिलं. "कॉलेजच्या दारात आलं की ते सगळं मी बाहेर काढून ठेवते. चपलांसारखं. इथं कुणी विचारत नाही ना. मग 'घर' म्हटलं की मला पण तापमानच दिसलं. राजसला दिसलं तेवढंच."

तीसेक पोरांच्या डोक्यांत आपापल्या दाराबाहेरच्या चपला आल्या असाव्यात.

"पहिल्या दिवशी तू म्हणालीस, काही येत नाही," मॅडम हळूच म्हणाल्या.

"हो."

"आणि मी पुढं विचारलं नाही." त्या टेबलाला टेकल्या. "ही मुलं असं शिकायला तयार आहेत का, हे मी गेलं वर्षभर शोधतेय. कुणाला किती विषय माहीत आहेत ते बघत होते. भलतीकडेच बघत होते."

"मग आता काय? परत काळा करायचा?" राजस म्हणाला.

सोनियानं बोटांवर मांडलं. "काळा केला तर काकांची झोप गेली. पांढरा ठेवला तर काकूंचं काम गेलं. पत्रा तर एकच आहे यार."

"राजस," मॅडम म्हणाल्या, "पापडी वाळते कशी?"

"तिच्यातला ओलावा..."

"घातलीयस कधी?"

असा राजस एका सकाळी साबुदाण्याच्या खदखदत्या पातेल्यापुढं जाऊन बसला; सोनिया आणि मीही बरोबर होतो. कौसाबाईनं त्याच्या हातात पळी दिली. "पळी टेकव, गोल फिरव, सोड. दाबू नको. ती आपली आपण पसरती."

राजसनं सोडली. ती पसरली, पण गोल नाही.

"ही कशी झाली रे?"

"आफ्रिका झाली, काकू."

"शेठला सांगू, एक्सपोर्टची आहे," सोनिया म्हणाली.

दुपारपर्यंत तो छपरावर होता, मानेवर ओला रुमाल टाकून. अक्षदा त्याला दाखवत होती: कड आधी सुटली पाहिजे, मग पोट. कड सुटली नाही आणि उलटली तर फाटते. आणि उशिरा सुटली तर आतला ओलावा आतच कोंडतो.

"कड सुटायला खालून ताप लागतो," राजस स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "नुसतं वरचं ऊन पुरत नाही."

"भाकरीला न्हाय का," कौसाबाई म्हणाली. "तव्याचा बी लागतो, इंगळाचा बी."

त्यानं मान डोलावली. मी त्याला वर्गात शंभरदा मान डोलावताना पाहिलं होतं, उत्तर आधीच माहीत असल्यासारखी. ही मान वेगळी होती.

घरात मात्र वेगळंच भांडण चालू होतं. मी प्रत्यक्ष ऐकलं म्हणून सांगते, नाहीतर खरं वाटलं नसतं.

"काळा कर गं परत," रघुभाऊ म्हणत होते. "मी झोपेन कुठंतरी. मंदिरात जाऊन पडेन."

"देवाच्या दारात घोरणार?"

"हळू घोरेन."

"काय गरज न्हाय. ऱ्हाऊ द्या पांढरा. शेठ गेला तर गेला. दुसरं काम बघते मी."

"तुझं एवढ्या वर्षांचं काम, आणि दुसरं बघणार?"

"आणि मशीनवर डुलकी लागली तर दुसरा हात कुठनं आणू?"

अक्षदा ओट्याशी भांडी घासत होती. तिच्या हातातलं पातेलं कधीचं स्वच्छ झालं होतं, तरी ती घासतच होती.

शेठ यायला पंधरा-वीस दिवस राहिले. कौसाबाईनं तोवर स्वतःपुरता एक मार्ग काढला होता. गल्लीच्या टोकाला मोडलेल्या न्हाणीघराचा एक पत्रा पडून होता, काजळीनं काळा झालेला. तिनं तो धुऊन वर चढवला आणि ओट्याच्या डोक्यावर येतो त्या कोपऱ्यात, पांढऱ्या पत्र्यावर विटा मांडून त्यांच्यावर ठेवला. थेट ठेवला तर रंग खरवडेल, पोरांची मेहनत आहे, एवढाच विटांमागचा विचार. त्या काळ्या पत्र्यावर थोड्या पापड्या खडखडीत वाळायला लागल्या. पण तेवढ्याशा जागेत लॉट काय मावणार?

एप्रिल तापला. कंपन्यांच्या धुळीनं पांढरा रंगही मळला होता आणि रघुभाऊंचा पंचा पुन्हा निघाला. एका दुपारी अक्षदा कॉलेजातून आली, तर दारातली गादी रिकामी. पप्पा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, डोकं ओट्याखाली, पाय सिलेंडरला टेकलेले, गाढ झोपेत.

"हे काय?" तिनं कुजबुजत विचारलं.

"मुक्काम हलवलाय त्यांनी," कौसाबाई म्हणाली. "काल बी तितंच. झोपेत सरकत सरकत जात्यात. मांजर कसं थंड फरशी शोधतं."

अक्षदा हसली. मग हसता हसता थांबली. तिनं पप्पांकडे पाहिलं. त्यांच्या वर पाहिलं. दार सताड उघडं, वारा येतो तो दारातून. ओट्याजवळ तर गॅसची धग. तिथं कुणी कशाला जाईल? ती बाहेर आली आणि शिडी चढली. पप्पा जिथं झोपले होते, त्याच्या बरोब्बर वर आईचा काळा पत्रा होता, विटांवर.

तिनं राजसला फोन लावला. "पप्पा सरकले."

"कुठं?"

"ओट्याखाली."

"मग?"

"तू ये."

राजस बदलापूरहून आला. मीही सोनियाबरोबर होते. राजसनं पिशवीतून थर्मामीटर काढला नाही. तो आधी दारातल्या गादीवर आडवा झाला, डोळे मिटून. मग उठला, आणि रघुभाऊंच्या शेजारी, सिलेंडर आणि त्यांच्या मधल्या अरुंद जागेत, तसाच आडवा झाला. चौथ्या मजल्यावरचा हा मुलगा, परक्या घराच्या फरशीवर, घोरणाऱ्या माणसाला खेटून. थोड्या वेळानं तो मांडी घालून बसला आणि वर बघत राहिला.

मग दोघं छपरावर गेली. खिळ्यांच्या रेघेवरून, एकामागे एक. अक्षदानं एक हात काळ्या पत्र्याच्या वर टेकवला आणि झटकन काढला. चटका. दुसरा हात तिनं विटांमधून खाली घातला, दोन पत्र्यांच्या मधल्या जागेत.

"इथं वारा आहे," ती म्हणाली.

राजसनं हात घातला. दोघं तशीच बसून राहिली, हात त्या फटीत. मी शिडीवरून बघत होते. एवढीशी फट. वरती पापडी वाळेल असा ताप, खाली माणूस झोपेल असा गारवा, आणि मधे नुसती हवा. इतके दिवस सगळे भांडत होते ते रंगावरून.

"वरचा पत्रा सगळं ऊन खातोय," राजस शेवटी म्हणाला, अगदी हळू. "त्याच्याखालची हवा तापते, पण वारा तिला घेऊन जातो. खालच्या पत्र्यापर्यंत ऊन पोचतच नाही."

"लग्नाच्या मांडवासारखं. छपरावर मांडव," अक्षदा म्हणाली.

"हो," राजस म्हणाला. "मांडवच."

पुढचे दिवस मी रोज जात राहिले, माझं तिथं काहीएक काम नसताना. कारण ते बघण्यासारखं होतं. सोनियानं उल्हासनगरच्या भंगारवाल्याशी सिंधीत गप्पा मारून जुने, काळे पडलेले पत्रे मिळवले. येताना त्याच्या सुनेची सगळी कहाणीही घेऊन आली. राजसला फट उंच हवी होती. कौसाबाईला ठेंगणी, कारण वाकून हात पोचला पाहिजे आणि वाऱ्यानं पत्रा उडता कामा नये. दोघं एकमेकांना समजावत राहिली. मधे अक्षदा. आईला ती राजसचं म्हणणं भाकरी-तव्यात सांगे आणि राजसला आईचं म्हणणं ताप आणि वाऱ्यात. कुणाचंही म्हणणं लहान न करता. "वीतभर," ती शेवटी म्हणाली. "आईचा हात पोचतो. वारा पण जातो. पक्क्या तारेनं आवळू."

"आणि उघडी बाजू कुठली?" राजसनं विचारलं. "दुपारचा वारा कुठून येतो?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खोलीतून रघुभाऊंचा झोपाळू आवाज आला, "मलंगगडाकडनं. दारात झोपणाऱ्याला विचारा की."

पद्मजा मॅडम एकदा येऊन गेल्या. त्यांनी काहीच विचारलं नाही. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून पोरांना आणि कौसाबाईला बघत राहिल्या. खाली उतरल्यावर चष्मा पुसत मला म्हणाल्या, "शिकवायला काही उरलंय का आपल्याला?" आणि मग स्वतःच, "विचारायला उरलंय."

शेठ आले ते भर दुपारी. स्कूटर लावली, गल्लीत उभे राहिले, रुमाल काढला.

"अदी, माल बाहेर आण. इथंच बघतो."

"तळून बघायचा म्हणालावता न्हवं? कढई आत हाय," कौसाबाई म्हणाली. "आत या. पन हळू. हे झोपल्यात."

शेठनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वर, जिथं एका छपरावर दुसरं छप्पर बसलं होतं. मग चपला काढून, श्वास धरून, पाण्यात उतरावं तसे आत आले. खोलीत आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे. रघुभाऊ मधोमध पसरलेले. ओट्याखाली जायची गरज त्यांना आता उरली नव्हती. आमच्या डोक्यावर, दोन पत्र्यांपलीकडे, पुढचा लॉट उन्हात पडलेला.

कौसाबाईनं तेल तापवलं. अक्षदानं एक पापडी उचलली आणि आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, तूच सोड. अक्षदानं सोडली.

पापडी खाली गेली. क्षणभर काहीच नाही. मग तिची कड उचलली गेली, पोट फुगलं आणि कढईभर पांढरी होऊन ती वर आली, तेलाच्या त्या मऊ सर्र आवाजात. रघुभाऊ कुशीवर वळले. सगळ्यांनी श्वास रोखला. ते पुन्हा घोरायला लागले.

शेठनी पापडी हातात घेतली आणि मोडली. कटकन आवाज झाला. ते दचकले, झोपलेल्या माणसाकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, जसं काही आवाज आम्ही केला होता. मग अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी हातात धरून ते खाली बसले, भिंतीला टेकून, मांडी घालून. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदा. रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"एक और तल," ते कुजबुजले.

दुसरीही फुलली. शेठनी वर बोट दाखवलं. "ये किसने बनाया?"

"पोरांनी," कौसाबाई म्हणाली.

"काकूंनी," राजस म्हणाला, जवळजवळ त्याच वेळी.

अक्षदानं दोघांकडे पाहिलं, मग मधोमध झोपलेल्या माणसाकडे.

"पप्पांनी," ती हळूच म्हणाली. "झोपेत."

शेठ हसले, तोंडावर हात दाबून, खांदे हलवत. कौसाबाईनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, पदर खोचला आणि पुढच्या पापड्या उलटायला शिडीकडे निघाली. शेठ उठायचं नाव घेईनात.